करकपात आणि रोजगार : कॅन्ससचा दाखला
उद्योगांवरील कर घटवले की रोजगार आपोआप वाढतात, हे अमेरिकेतील राज्य विधिमंडळाच्या एका उमेदवाराचे प्रमेय गतांकातील पत्रलेखकाने निःशंकपणे स्वीकारले असले, तरी कॅन्सस राज्याचा अनुभव त्यास अनुकूल नाही. तेथे २०१२ साली गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांच्या कारकिर्दीत ‘पास-थ्रू’ उत्पन्न, म्हणजे व्यवसायावर स्वतंत्र कर न बसता थेट मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जाणारा नफा, राज्याच्या प्राप्तिकरातून वगळण्यात आले; परिणामी पगारदार नोकर कर भरत राहिला आणि मालक (न्याय विचित्रच!) सुटला. महसूल घसरला, अपेक्षित रोजगारवाढ दिसली नाही, आणि २०१७ मध्ये ब्राउनबॅक यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ही सवलत रद्द केली.