कृषि प्रदर्शन आणि शेतकऱ्याचें मूल

कृषि प्रदर्शनास निघतांना आपण मुलांस बरोबर घेतों, तें बहुधा जत्रेस न्यावें तसें. मूल बैलजोड्या पाहतें, ट्रॅक्टरवर चढून बसतें, उसाचा रस पितें आणि पेंगत घरीं परततें. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु एवढ्यानें प्रदर्शनाचें सार्थक झालें, असें मला वाटत नाहीं.

गतवर्षीं माझ्या सातवींतील पुतण्यास घेऊन मी उमरखेडहून एका प्रदर्शनास गेलों होतों. फवारणीच्या औषधांच्या एका दुकानीं त्यानें विचारलें, "भाऊ, या बाटलीवर लाल त्रिकोण कशाचा?" विक्रेत्यानें त्याच्या हातीं कागदी टोपी दिली व मला भाव सांगूं लागला. पुढें एका कृषि सहायकांनीं मात्र त्यास जवळ बसवून समजाविलें कीं, लाल रंग अत्यंत जहाल विषाचा. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, व सर्वांत सौम्य हिरवा. परंतु हिरवें झालें तरी तेंही विषच.

घरीं येतांच मुलानें गोठा धुंडाळला. लाल त्रिकोणाची बाटली ज्वारीच्या कोठीशेजारींच होती. ती त्यानें वडिलांकडून हलवून कुलुपांत ठेवविली. तहसिलींत जमिनीचे कागद तपासण्यांत माझी हयात गेली. परंतु त्या बाटलीवरचा कागद मीं कधीं वाचला नव्हता.

सन २०१७ च्या हंगामांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपण विसरलों नाहीं. ज्या घरीं वडिलांस अक्षरओळख बेताची, तेथें शाळेंत जाणारें मूल हेंच घरचें वाचक होय. त्याचा प्रश्न टोपी देऊन मिटविणें परवडणारें नाहीं.

डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं १९५९ सालीं दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरविलें. त्यांच्या नांवाच्या अकोल्यांतील विद्यापीठांतही डिसेंबरअखेर, त्यांच्या जयंतीच्या सुमारास, प्रदर्शन भरत आलें आहे. अशीं प्रदर्शनें ठिकठिकाणीं भरविणाऱ्या सर्वांस माझी विनंति आहे कीं, केवळ मुलांच्या प्रश्नांस उत्तर देण्यासाठीं एक जाणता माणूस नेमावा. शेतकरी बंधूंनींही निघण्यापूर्वीं मुलास आपल्या शेतांतील तीन अडचणी वहींत लिहावयास सांगावें व त्यांचीं उत्तरें त्यासच आणूं द्यावीं.

आमच्या मुलानें यंदाचा पहिला प्रश्न लिहून ठेविला आहे : औषध संपल्यावर रिकाम्या बाटलीचें काय करावें?