बेअरस्टो आला, मिन्झ बाकावरच

मंडळी, पाचपैकी चार सामने हरलेली आपली पलटण प्लेऑफमध्ये पोचली! बुमराह परतला आणि गाडी रुळावर आली. पण ऐन मोक्याला रिकल्टन, जॅक्स, बॉश आपापल्या देशाकडून खेळायला चालले. लीग मध्येच थांबून तारखा पुढे गेल्या, त्यांचा दोष नाही. बदली म्हणून बेअरस्टो, ग्लीसन, असलंका. एकट्या बेअरस्टोला ५.२५ कोटी, आणि २०२५ च्या नियमानुसार या तात्पुरत्या खेळाडूंना पुढच्या वर्षी राखून ठेवताही येत नव्हतं.

रोहितसोबत बेअरस्टो सलामीला उभा राहिला तर पॉवरप्लेत धुलाई होणार, कबूल. पण झारखंडच्या रॉबिन मिन्झला सुरुवातीला दोन सामने देऊन बसवलं, तोही कीपरच ना? कप आला तर मीही नाचेन. तरी हे खटकतंच.