चालता दिवा

मत्स्यपेटीवर एकाच जागी टांगलेला दिवा पाण्यातील वनस्पतींच्या एकाच बाजूस उजेड देतो. दुसरी बाजू दिवसभर सावलीत राहते. सूर्य असा पक्षपात करीत नाही. घरच्या घरी दिवा चालता करावयाचा असल्यास, आमच्या मते, पुढील युक्ती सर्वांत साधी.

८ मिलिमीटर जाडीची, आटे पाडलेली, न गंजणारी सळई पेटीच्या लांबीत आडवी बसवावी. तिचा नेहमीचा आटा १.२५ मिलिमीटरचा, एका फेऱ्यास नट तेवढाच सरकतो. मिनिटास एक फेरा घेणारी १२ व्होल्टची गिअरची मोटार जोडली, की ८ तासांत ४८० फेरे होतात आणि नटास जडविलेला दिवा ६० सेंटिमीटर पुढे जातो. ही गती डोळ्यांस दिसतही नाही, आणि तेच तिचे भूषण! नट सळईबरोबर फिरू नये म्हणून शेजारी गुळगुळीत दांडी हवी; टोकांस मोटार थांबविणारे खटके हवेत. दिवा एकाच लहान एलईडीचा घ्यावा. नळीच्या दिव्याने तरंगांची ती नाचरी जाळी तळाच्या वाळूवर उमटत नाही.

मुलांना वेग वाढविण्याचा मोह होईल. तो आवरावा. धावत्या सावलीस मासे भितात. ओढ्यात तशी सावली खंड्याची असते.

२३० व्होल्टचा प्रवाह मात्र पेटीवर मुळीच नेऊ नये. अडॅप्टर दूर ठेवावा व तारेस प्लगच्या खाली झोक द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच गळून पडेल. पेटीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. हे लहानग्यांस दिवा दाखविण्याआधी शिकवावे.