संगणक आपोआप उघडावा, रुग्णाची नोंद नव्हे

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी उघडण्याआधीच नगरदेवळा, पिंपळगाव हरेश्वरकडून आलेले रुग्ण रांगेत उभे असतात. खिडकीमागे संगणक एक आणि त्यावर पाळीपाळीने बसणारे कर्मचारी अनेक. वीज जाऊन आली की संगणक पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारतो आणि रांग खोळंबते. मग पासवर्डची चिठ्ठी पडद्यालाच चिकटवण्याचा किंवा एकाच्याच नावाने दिवसभर काम रेटण्याचा मोह होतो. त्यापेक्षा संगणक आपोआप सुरू व्हावा, ही मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की आपोआप काय उघडावे आणि काय उघडू नये.

गंमत अशी, की संगणकाचा पासवर्ड सामायिक यंत्रामुळेच रुजला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. ज्याचे त्याच्यापाशी ठेवणे आणि कोणी काय केले हे कळणे, ही दोन कामे आजही लॉगिनच करते.

दवाखान्यात या दोन्ही गोष्टी थेट रुग्णाच्या जिवाशी भिडतात. इंजेक्शन किती वाजता दिले, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ही नोंद रात्रपाळीच्या परिचारिकेने केली आणि नाव दिवसपाळीचे उमटले, तर शंका आल्यावर डॉक्टरांनी विचारायचे कोणाला? चूक झालीच तर नोटीसही भलत्याच्याच हाती पडायची. एचआयव्ही, क्षयरोग, गर्भपात यांची माहिती उघड्या पडद्यावर राहिली तर छोट्या गावात ती झाकता येत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही माहिती जपण्याची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

यावर उपाय म्हणजे कामांची विभागणी. टोकन आणि नोंदणीच्या संगणकाने वीज येताच विनापासवर्ड सुरू व्हावे. पण मर्यादित खात्यातून आणि त्या एकाच कामापुरते. आपोआप लॉगिनमध्ये किल्ली यंत्रातच ठेवलेली असते. त्यामुळे ते खाते ॲडमिनचे असणे म्हणजे तिजोरीला किल्ली लावून निघून जाणे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही तिथे नकोत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या ‘स्कॅन अँड शेअर’ सोयीत रुग्ण स्वतःच्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करतो, नाव-पत्ता खिडकीवर पोहोचतो आणि टोकन मिळते. रांग कमी करण्याचा खरा मार्ग तो आहे.

रुग्णाची नोंद जिथे वाचली किंवा बदलली जाते, तिथे मात्र ओळख हवीच. ती टंकावीच लागते असे नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कर्मचारी वर्षानुवर्षे स्मार्टकार्ड वापरत आले आहेत. आपल्याकडेही हजेरीसाठी बोट टेकवण्याची सवय जुनीच आहे. त्याच धर्तीवर कार्ड किंवा बोट लावताच नोंद उघडावी आणि माणूस उठून गेला की दोन मिनिटांत पडद्याला कुलूप लागावे.

याला मोठी यंत्रणा लागत नाही. संगणक कोणत्या कामाचा, हे आधी ठरवावे लागते. वैद्यकीय अधीक्षक आणि रुग्ण कल्याण समितीने पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा आणि पडद्यावरची ती चिठ्ठी त्याच दिवशी काढावी.