ही खाज पाल्याची नव्हे



ऊस पक्व झाला की नाही हे आपण नुसत्या नजरेने ठरवीत नाही. ब्रिक्स पाहतो, मगच तोड. मात्र आठवा महिना लागलेली सून रात्रभर तळहात-तळपाय खाजवीत बसली, की घरात सगळा अंदाजाचा कारभार! कुणी म्हणतं पाला लागला, कुणी म्हणतं पित्त उठलं, आमसुलाचं पाणी लावा. यात आठवडा जातो.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पित्त उठले तर अंगावर गांधी दिसतात. ही खाज निराळी. गरोदरपणी यकृतातून पित्ताचा निचरा नीट झाला नाही, तर पित्तातली आम्ले रक्तात साठतात. डॉक्टर त्यांना बाईल ॲसिड म्हणतात. मग तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री वाढते, आणि अंगावर ओरखड्यांखेरीज काही दिसत नाही.

बाळंतपणानंतर आईची खाज थांबते. खरा धोका पोटातल्या बाळाला. हे प्रमाण लिटरला १०० मायक्रोमोल किंवा त्यावर गेले, तर बाळ पोटातच दगावण्याची भीती वाढते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. त्याखाली बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. पण आकडा कुठे आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळणार कसे? आकडा पाहूनच डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात, गरज पडल्यास प्रसूती काही आठवडे आधी करतात.

खर्चाचे म्हणाल, तर २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. मात्र खाज सुटली तर ९ तारखेची वाट पाहू नये. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असो की दिवस, तडक निघावे.

आणि आपल्या फडातल्या टोळीतल्या बाईचे काय? खाडा पडेल म्हणून ती बोलतच नाही. तिची खाज तर सगळे पाल्यावरच ढकलणार! अशा दिवसाचा खाडा मुकादमाने धरू नये, आणि ज्याचा फड त्या सभासदाने तिला आपल्या गाडीने दवाखान्यात पोचवावे, असे आमचे मत आहे. ऊस एक दिवस उशिरा गेला तर वजनात थोडे जाईल. गेलेले मूल कुठल्या हप्त्यात परत मिळणार?