डोकं फुटलं नाही म्हणजे वाचलं, असं नाही!

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. आजही आपल्याकडे फौजी घर नसलेलं गाव शोधूनच काढावं लागेल.

असं असूनही जवान सुट्टीवर आला की आपण त्याचे हातपाय बघतो, ‘धडधाकट आलास बाबा, देवाची कृपा’ म्हणतो आणि मोकळे होतो. पुढे तोच पोरगा बारीकसारीक कारणावरून खेकसू लागला, रात्ररात्र जागू लागला, बाजारातून काय आणायचं ते विसरू लागला की पारावर कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं, पिण्याची सवय लागली. कुणी म्हणतं, बाहेरचं झालंय. तो सांगतो, जवळच स्फोट झाला होता. त्यावर आपलं उत्तर तयार असतं: ‘अरे, पण डोक्यावर हेल्मेट होतं ना?’

होतं. पण ते हेल्मेट कशासाठी असतं, हे आपण कधी विचारलंय का?

पोलादी हेल्मेट आलं १९१५ साली. फ्रेंचांचं एड्रियन आणि ब्रिटिशांचं ब्रॉडी ही दोन्ही त्याच वर्षीची. खंदकातल्या सैनिकांच्या डोक्यावर तोफगोळ्यांचे तुकडे पडत, ते अडवायला ती घडवली. पुढे पोलाद जाऊन केव्हलारसारख्या चिवट धाग्यांची हेल्मेटं आली, पण मूळ काम तेच राहिलं: तुकडा अडवणं, जमलं तर गोळी अडवणं.

स्फोटाची मात्र दुसरीही मार असते. विहिरीचा सुरुंग उडताना लांब उभं राहिलं तरी छातीत दणका बसतो. दगड लागत नाही, तरी धक्का पोचतो. तो हवेच्या दाबाचा असतो. सुरुंगाच्या कितीतरी पट मोठा स्फोट जवळ झाला, तर ही लाट कवटीला आणि आतल्या मेंदूला हादरवून जाते. बाहेर साधा ओरखडासुद्धा दिसत नाही.

हेल्मेट आणि डोकं यांच्यामध्ये मोकळी फट असेल, तर लाट त्या फटीत शिरून दाब उलट वाढवू शकते, असं अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००९ साली संगणकावर गणित मांडून दाखवलं. आतल्या गाद्या नीट बसलेल्या असल्या की ही फट भरते. म्हणून गाद्या काढून किंवा पट्टा सैल सोडून हेल्मेट घालणं धोक्याचं. शिवाय चेहरा उघडाच राहतो आणि समोरून आलेली लाट तिथूनही आत जाते. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी जुनी-नवी हेल्मेटं पुतळ्याच्या डोक्यावर चढवून वरून स्फोटलाट सोडली. उघड्या डोक्यापेक्षा प्रत्येक हेल्मेट बरं ठरलं. पण माथ्यावरचा दाब कमी करण्यात शंभर वर्षांपूर्वीचं एड्रियन आजच्या हेल्मेटालाही सरस निघालं! याचा अर्थ हेल्मेट कुचकामी, असा कुणी घेऊ नये. जवानानं ते घातलंच पाहिजे. पण त्याच्या भरवशावर तपासणी टाळू नये.

याचा दाखला ताजा आहे. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं डागली. आपल्या कुणाला इजा नाही, असं अमेरिकेनं आधी जाहीर केलं. पुढच्या काही आठवड्यांत मेंदूला इजा झालेल्या त्यांच्या सैनिकांचा आकडा शंभरावर गेला. इतक्या साधनसंपन्न फौजेला जे पहिल्या दिवशी दिसलं नाही, ते आपल्या पारावर बसून आपल्याला कसं दिसणार?

तेव्हा फौजी भावांनो, स्फोटाजवळ होतो हे त्याच दिवशी युनिटच्या डॉक्टरला सांगा आणि तारखेसह कागदावर आणा. ‘मी ठीक आहे साहेब’ म्हणण्यात मर्दुमकी नाही. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळापुढे तोंडी सांगणं चालत नाही, कागद बोलतो. आणि सैन्यानंही जखम दिसो वा न दिसो, स्फोटाजवळच्या प्रत्येक जवानाची तपासणी आणि नोंद केलीच पाहिजे. ही मागणी आपल्या खासदारांनी दिल्लीत लावून धरावी.

घरच्यांनी डोकेदुखी, कानात आवाज, झोप न लागणं, विसरभोळेपणा, चिडचिड याकडे दुर्लक्ष करू नये. सीटी स्कॅन चांगला आला म्हणून गप्प बसू नये; सौम्य इजा त्यात बहुधा दिसतच नाही. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे, आणि पुढची वाट दाखवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. देवऋष्याकडे जाण्याआधी तिथं जा.

सीमेवर तो आपल्यासाठी उभा राहिला. घरी आल्यावर त्याला बेवडा किंवा वेडा ठरवण्याआधी, बाबांनो, निदान एकदा डॉक्टरला दाखवू या.