पडताळणीचा भार कोणाच्या माथी?

यंत्राला सरसकट विरोध हे समाजवाद्यांचे धोरण नव्हे. यंत्र कोणाच्या मालकीचे, त्याचा लाभ कोणाला आणि त्याच्या चुकीची किंमत कोणी मोजायची, हे मात्र आपण विचारलेच पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता वकिलांच्या कचेऱ्यांत शिरली आहे. 'न्याय स्वस्त झाला, गरिबाच्या दारी आला' असा गजर चालू आहे. त्या गजरात हे तिन्ही प्रश्न बुडून गेले आहेत.

2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निकाल आधार म्हणून सादर केले आणि 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. त्यातही अस्तित्वात नसलेल्या निकालांचा आधार घेतलेला होता. तेथे करदाती एक कंपनी होती. उच्च न्यायालयात जाण्याची तिची ऐपत होती, म्हणून तिला दाद मिळाली.

हेच आहुप्याच्या किंवा हातवीजच्या एखाद्या महादेव कोळी शेतकऱ्याच्या वाट्याला आले तर? आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा हा पश्चिम पट्टा. डिंभे धरणाने जुने आंबेगाव गाव आणि आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली घेतल्या. उरली डोंगरउतारावरची शेती आणि हिरड्याची झाडे. 2006 च्या वनहक्क कायद्याने या कसणुकीला मान्यता देऊ केली. दावा ग्रामसभेकडून मंचरला उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. फेटाळल्यास कारणे लेखी कळवावी लागतात. अपिलाला मुदत 60 दिवसांची. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला तो स्थगित झाला आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले, हे राज्यांना विचारण्यात आले. कागदावरच्या एका ओळीवर या माणसांचे अख्खे आयुष्य लटकलेले असते, ते असे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर यंत्राने शोधाचा खर्च घटवला; पडताळणीचा घटवला नाही. घाईच्या वकिलाने दहा मिनिटांत मसुदा काढून तपासणीचे जे तास वाचवले, ते जोखीम होऊन अशिलाच्या डोक्यावर बसतात. निकाल इंग्रजीत, अशील मराठी. तो पडताळणार कसा आणि कोणाच्या बळावर?

आपल्या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. 1875 मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. न वाचता आलेल्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याचा तो सूड होता. त्यानंतर 1879 च्या कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयावर टाकले. पडताळणीचा भार दुर्बळावरून काढून समर्थावर ठेवणे, हे त्या कायद्याचे मर्म होते.

कोणी म्हणेल, हेच यंत्र आदिवासीला त्याचा हक्क क्षणात मराठीत समजावून सांगेल. सांगेल, आणि सांगावेच. सर्वोच्च न्यायालयाने 2019 पासून निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली वापरात आणली, तिचे स्वागतच आहे. परंतु चुकीचा सल्लाही यंत्र त्याच आत्मविश्वासाने देते. चूक ओळखणारा वकील शेजारी नसेल, तर स्वस्त न्याय म्हणजे गरिबासाठी दुय्यम प्रतीचा न्याय होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्या वकिलाची सही, त्याने प्रत्येक आधारभूत निकाल मुळात वाचलेला असावा. यंत्राची सबब ऐकली जाऊ नये. अशिलाचे कागद त्याच्या संमतीवाचून खासगी कंपन्यांच्या यंत्रात घालू नयेत. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. विधी सेवा प्राधिकरणाने त्या वकिलाला तपासलेले मराठी निकाल सरकारी खर्चाने पुरवावेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांना निर्णयासाठी ही साधने वापरण्यास मनाई केली. तोच दंडक आपल्याकडे न्यायालयांना आणि वनहक्क समित्यांनाही लागू व्हावा.

यातले तत्त्व वनहक्काच्या नियमांत 2012 मध्येच लिहिले गेले आहे. उपग्रहाची छायाचित्रे आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही. डोंगरातल्या माणसाने झगडून मिळवलेला हा नियम आता शहरातल्या वकिलांनीही पाळावा. पाळणार नसतील, तर तो पाळायला लावण्यासाठी संघटित होणे हे आपले काम आहे.